गावाला जाताना कुत्रा कुणाकडे ठेवाल?

गावाला जायचं ठरलं की तिकिटांच्या आधी कुत्र्याची सोय बघा. सांभाळणारा माणूस निवडताना तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो, तिकडे लक्ष द्या. लसीकरणाचं कार्ड मागितलं, खाण्याच्या वेळा विचारल्या, फटाक्यांना घाबरतो का विचारलं, तर माणूस कामाचा. पहिलाच प्रश्न ‘ॲडव्हान्स किती देताय?’ असेल तर मी तरी चहा पिऊन निघतो.

आधी एक रात्र ठेवून बघा. आमच्या मोतीला इंदिरानगरात एकांकडे असंच ठेवलं होतं. सकाळी आणायला गेलो तर पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत आणि गेट नुसतं लोटलेलं. पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

नाशिकमध्ये एक गोष्ट बजावून सांगायलाच हवी: द्राक्षं आणि बेदाणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पेट्या येतात, कुणीही प्रेमाने चार मणी पुढे करतं. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती मणी चालतील याचा काही हिशेब नसतो. खाल्लेच तर त्रास दिसायची वाट न बघता थेट डॉक्टरकडे. कांदा, लसूण, चॉकलेटही नको.

सोबत नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, तुम्ही फोनवर नसताना उपचार करायची लेखी परवानगी आणि घरातली एक न धुतलेली चादर द्या. ओळखीच्या वासाने जनावर लवकर रुळतं. मांजर असेल तर मात्र तिला हलवू नका, सांभाळणाऱ्यालाच घरी बोलवा.