उंच जागी मापन उपकरणे वापरताना विरळ हवेचा हिशेब कसा करावा

३००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७४ टक्के उरते, ५००० मीटरवर ६० टक्के. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे उपकरण, पुढे नुसते ‘स्कोप’), मल्टिमीटर, पॉवर सप्लाय यांची उष्णता हवाच वाहून नेते आणि आतल्या उघड्या टोकांमधले इन्सुलेशनही हवाच असते. वर दोन्ही कामे उणी पडतात, तरी उपकरण नेहमीसारखेच सुरू होते. धोका नेमका इथे आहे.

निघण्याआधी मॅन्युअल उघडा. त्यात उंचीचे दोन आकडे सापडतील. एक चालू वापराचा, बहुतेकदा २००० किंवा ३००० मीटर; दुसरा बंद अवस्थेतल्या ने-आणीचा, तो कितीतरी मोठा असतो. घाईत मोठाच डोळ्यांत भरतो. तुमच्या जागेशी पडताळायचा तो पहिला.

मग व्होल्टेज. मीटरवरचे ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ (कॅट ३ म्हणजे इमारतीतल्या कायम वायरिंगवर मोजण्याचा सुरक्षा वर्ग) सहसा २००० मीटरपर्यंतच खरे. आयईसी ६०६६४-१ या मानकानुसार टोकांमधले हवेतले अंतर ३००० मीटरवर १.१४ पट, ४००० वर १.२९ पट आणि ५००० वर १.४८ पट हवे. तयार मीटरमध्ये अंतर वाढवता येत नाही, म्हणून व्होल्टेज उतरवायचे: ६०० भागिले १.२९, म्हणजे सुमारे ४६५. हा फक्त ढोबळ अंदाज आहे. उत्पादकाने उंचीसाठी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. थ्री-फेज पॅनलवर काम असेल तर १००० व्होल्टचाच मीटर न्या. अचानक येणाऱ्या सर्जला, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळीला, तेवढी मोकळीक लागते.

इन्सुलेशन टेस्टर ५ किलोव्होल्टवर लावला की क्लिपच्या टोकाशी बारीक हिसहिस ऐकू येते, ओझोनचा उग्र वास येतो, आकडा एका जागी ठरत नाही. हा कोरोना, म्हणजे जास्त व्होल्टेजमुळे टोकाभोवतीच्या हवेतून होणारी विद्युत गळती; विरळ हवेत तो कमी व्होल्टेजलाच सुरू होतो. केबल निर्दोष असूनही गळती दिसते. आधी केबल डिस्चार्ज करा (साठलेला विद्युतभार काढा), वायरचे सुटे केस आवळून घ्या, टोकदार भाग झाका, लीड एकमेकींपासून दूर ठेवा, गार्ड टर्मिनल (पृष्ठभागावरची गळती मापनातून वगळणारे टोक) जोडा आणि पुन्हा मोजा.

उष्णतेसाठी बरीच मॅन्युअल १५०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला वापराच्या कमाल तापमानातून १ अंश सेल्सिअस वजा करायला सांगतात. तसा नियम असेल तर ५० अंशांचा स्कोप ४५०० मीटरवर ४० अंशांचाच समजा. पंखा तेवढीच हवा फेकतो, पण तिचे वजन कमी असते. उपकरणे एकावर एक रचू नका, जाळी मोकळी ठेवा. बाहेर थंडी असली तरी तापवलेल्या खोलीत तिचा उपयोग नाही.

थंडीतून आत आणलेले उपकरण प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, सर्किटवर नाही. मोठ्या स्कोपला काही तास लागतात. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नका. आत धातूरूप लिथियम साचते आणि बॅटरी कायमची बिघडते. फिरत्या हार्ड डिस्कचे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते, म्हणून ३००० मीटरच्या वर एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असलेलाच लॅपटॉप न्या.

जनरेटरही वर दमतो: टर्बो नसलेले इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ ते ४ टक्के ताकद गमावते. भार तेवढा कमी धरा, आणि स्कोप जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी तपासा.