झाकू चिखलात उभा करण्याआधी

प्लास्टिक मॉडेलचा खोका हातात आला की झाकण उघडून कचाकच तुकडे तोडायला बसावंसं वाटतं. तसं करू नका. रोबो कुठे आणि कसा उभा राहणार ते आधी ठरवा. माझ्यापुढे आत्ता १/१४४ मापाचा 'हाय ग्रेड' मालिकेतला 'झाकू टू' आहे. 'गंडम' या जपानी अॅनिमेमधला हा हिरवा, एका डोळ्याचा गडी साडेसतरा मीटर उंच, म्हणजे टेबलावर जेमतेम १२ सेंटिमीटर. त्याला घोट्यापर्यंत चिखलात रुतवायचाय.

म्हणून सामानाच्या यादीत पहिला मान तळाचा. १५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लायचा तुकडा, फेविकॉल, बारीक वाळू आणि लाल माती. माती कोकणातून आणली असेल तर झकास, पण कढईत कोरडी भाजून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात तिच्यातून काय उगवेल सांगता येत नाही. मग चहाच्या गाळणीने चाळा. इथे मिलिमीटरभर खडासुद्धा १४ सेंटिमीटरचा धोंडा दिसतो, आणि माणूस असतो १२ मिलिमीटरचा. गाळणी नवीच घ्या. घरातली उचललीत तर ती परत स्वयंपाकघरात घेतली जात नाही, हे अनुभवाचे बोल.

दीड मिलिमीटरची पितळी तार आणि त्याच मापाचं हातड्रिल. तळव्याच्या पोकळीत एम-सील भरायचं, सुकलं की भोक पाडून तार बसवायची, म्हणजे झाकू तळात घट्ट रोवता येतो. हे रंगाआधी उरकायचं.

निपर, म्हणजे कापायच्या पकडी, दोन लागतात. साध्याने भाग रनरपासून (ज्या चौकटीला तो जोडलेला येतो तिच्यापासून) लांबून सोडवायचा आणि उरलेला खुंट एकधारी निपरने कापायचा. एकाच घावात सपाट कापायला गेलं की प्लास्टिक पांढरं पडतं, आणि गडद हिरव्यावर तो डाग चुन्याच्या बोटासारखा उठून दिसतो. पुढे वॉटर पेपर: ४००, ६००, ८००. प्रायमर लागणारच आहे, त्यामुळे त्यापुढे घासणं म्हणजे हौस. माझ्या झाकूच्या खांद्यावरचे काटे बोथट होते, तेही याच कागदावर टोकदार केले. ढालीवरच्या जादा पत्र्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिक शीट पुरते.

आता एकदा कोरडी जोडणी. ज्या खुंट्या पुन्हा सोडवायच्यात त्यांची टोकं तिरकी छाटा, नाहीतर भाग उघडताना नखं तुटतील. मग भांड्यांच्या साबणाने धुणं, पण बेसिनमध्ये नाही, वाडग्यात. बेसिनच्या जाळीतून काय काय जातं ते मला विचारा.

रंगांचा क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: प्रायमर, लॅकरचा रंग, ग्लॉस, पाण्याने सुटणारी डिकल्स (चिकटवायची चिन्हं), एनॅमलची पॅनल लाइन (खाचांमधल्या गडद रेषा), शेवटी मॅट. एनॅमलवर लॅकरचा जाड, ओला थर फासायचा नाही, खालचा थर उचलला जातो. एनॅमलचं थिनर एबीएस प्लास्टिकच्या उघड्या सांध्यात झिरपलं तर सांधा तडकतो. माझ्या पहिल्या मॉडेलची मांडी अशीच रात्रीतून दुभंगली. आणि मास्क कार्बन काडतुसांचाच हवा. कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही.

यादीत एक आर्द्रतामापकही धरा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा मॅट स्प्रेचा वैरी. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि हिरवा झाकू पिठात लोळल्यासारखा दिसतो. काटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा खाली ठेवा, मग मित्रांना रविवारी दाखवायचं कबूल केलेलं असो की नसो.

शेवटची वस्तू स्वयंपाकघरातलीच: क्लिंग फिल्म. चिखल ओला असताना पावलांना ती गुंडाळून, एक पाऊल मागे आणि दोन जिथे उभा राहणार तिथे, असे ठसे उमटवून घ्यायचे. मागच्या ठशात साचलेलं पाणी म्हणून ग्लॉस वार्निशचे दोन थेंब सोडायचे, तेही मॅट मारून झाल्यावर.