तारे लांबट येतायत? गाइडिंगच्या सेटिंगला हात लावायच्या आधी या चुका टाळा

थंडी सुरू झाली की ओळखीतल्या मंडळींचे फोटो यायला लागतात, मृगातल्या तेजोमेघाचे, कृत्तिकेचे, देवयानीचे, आणि सोबत एकच प्रश्न असतो की दादा, तारे गोल का येत नाहीयेत, गाइडिंग (छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सतत दुरुस्त करतो ते) तर चालू होतं. तोपर्यंत बहुतेकांनी पीएचडी टू या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरमधली दिसेल ती सेटिंग बदलून बघितलेली असते, अग्रेसिव्हनेस (प्रत्येक दुरुस्तीचा जोर) कमी केला, वाढवला, एक्सपोजर अर्ध्या सेकंदावर आणलं, परत वाढवलं, आणि आता नक्की काय बदलल्यामुळे काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ताऱ्याचा आकार नीट वाचा, कारण चूक कुठे आहे ते तो आकारच सांगतो, आणि बहुतेक वेळा ती सॉफ्टवेअरमध्ये नसतेच, स्क्रूमध्ये, जमिनीत नाहीतर पोलर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्यात असते.

एक सेकंदाचा फोटो काढलात का?

सगळ्यात पहिली टेस्ट हीच. ट्रॅकिंग (माउंटचं आकाशाबरोबर फिरणं) चालू ठेवून एक-दोन सेकंदांचा फोटो काढा आणि पूर्ण झूम करून बघा. त्यातही तारे लांबट असतील तर गाइडिंगचा काही संबंधच नाही, ते ऑप्टिक्सचं काम आहे, म्हणजे सेन्सरचा टिल्ट (तिरकेपणा), कॉलिमेशन (आरसे-भिंगं एका रेषेत असणं), किंवा फ्लॅटनरपासून (कडेचे तारे सुधारणारं भिंग) सेन्सरचं अंतर चुकलंय. फक्त कोपऱ्यातले तारे बिघडलेत आणि मधले गोल आहेत तरी आधी तिकडेच बघायचं. एक सेकंदाला गोल आणि तीन मिनिटांना लांबट, असं असेल तरच पुढचं वाचा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. छोट्या ट्रॅकरवर उत्तर-दक्षिण गोलार्धाचा स्विच असतो, तो बॅगेत घासून दक्षिणेकडे सरकतो. मग ट्रॅकर उलटा फिरतो, आणि आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतंय त्याऐवजी तुमच्या फोटोत ते ३० सरकतं. ट्रॅकिंग बंद ठेवून काढलेल्या फोटोपेक्षा चालू ठेवल्यावर रेघ जास्त लांब येत असेल तर हेच कारण. तसंच रेट चंद्राच्या ट्रॅकिंगवर राहिलाय का तेही बघून घ्या.

मुंबईतून ध्रुवतारा म्हणजे १९ अंश

यूट्यूबवर पोलर अलाइनमेंट शिकवणारे बरेचसे लोक ४०-५० अंशांवर राहतात, त्यांचा ध्रुव चांगला वर असतो. आपण साधारण १९ उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंश वर, शहराच्या धुरक्यात, आणि बहुतेक वेळा समोरच्या टॉवरच्या मागे. बाल्कनी दक्षिणेला असेल तर विषयच संपला. मग लोक मोबाइलचं होकायंत्र ट्रायपॉडवर ठेवून उत्तर पकडतात, पण गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या, बाजूला लोखंडी शिडी आणि पाइप, ते होकायंत्र चार-पाच अंशांनी सहज चुकतं.

एवढं चुकल्यावर काय होतं ते आकड्यात बघा. पोलर अलाइनमेंट १ आर्कमिनिटने (अंशाचा साठावा भाग) चुकली की तारा दर मिनिटाला जास्तीत जास्त पाव आर्कसेकंद सरकतो. ५ आर्कमिनिटला सव्वा आर्कसेकंद, ते गाइडिंग सांभाळून घेतं. पण एक अंश चुकलात तर मिनिटाला १५-१६ आर्कसेकंद, आणि तेही गाइडिंगने धरून ठेवलं तरी फील्ड रोटेशन राहतंच, म्हणजे गाइड स्टार (ज्याच्यावर गाइडिंग चालतं तो तारा) जागेवर आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती कमानीसारखे फिरलेले. कमान दिसली की अग्रेसिव्हनेसला हात लावू नका, अलाइनमेंट परत करा.

ध्रुवतारा दिसत नसेल तरी अडत नाही. नीना या फोटो घ्यायच्या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट आकाशाच्या दुसऱ्या भागातल्या तीन फोटोंवरून काम करतं. आणि काहीच नसेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत आहेच, मला ती आजही आवडते कारण दक्षिणेच्या बाल्कनीतून ती निम्मी तरी आरामात होते: दक्षिणेला मेरिडियनजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा), खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा तारा धरा, तो दक्षिणेकडे सरकत असेल तर तुमचा अक्ष पूर्वेला जास्त वळलाय, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला तारा घ्या, तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे तर वर.

१९ अंशांवर वातावरणातल्या अपवर्तनामुळे ध्रुव खऱ्या जागेपेक्षा जवळजवळ ३ आर्कमिनिट वर दिसतो, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा पर्याय असेल तर चालू करा. आणि माउंट एवढा खाली झुकवल्यावर काउंटरवेटचा दांडा सरळ खाली येतो तेव्हा वजन ट्रायपॉडच्या उत्तरेच्या पायाला टेकू शकतं, म्हणजे होम पोझिशनला किंवा पूर्वेला नुकत्याच उगवलेल्या टार्गेटवर. हे अंधारात कळत नाही, मोटर अडते आणि सगळ्या सबमध्ये (एकेका फोटोत) सरळ रेघा. उजेडात एकदा माउंट हाताने पूर्ण फिरवून बघा, आणि अडत असेल तर मध्ये एक्स्टेंशन पाइप लावा.

गच्ची हलते, शेतही हलतं

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी पहिलं वर्षभर ट्रायपॉड बरोबर मध्यात लावायचो कारण तिथून आकाश मोठं दिसतं. गाइडिंगचा आलेख छान चाललेला असायचा आणि मध्येच आरए (पूर्व-पश्चिम) आणि डेक (उत्तर-दक्षिण) दोन्ही रेषा एकाच क्षणी उडायच्या, पाच-सहा सेकंद थरथरायच्या, परत शांत. वाऱ्याचा झोत असेल म्हणून मी सोडून द्यायचो. मग एका रात्री लॅपटॉपसमोर नुसता बसून राहिलो आणि लक्षात आलं की आधी लिफ्टच्या खोलीतून खट्ट असा आवाज येतो आणि त्याच्यामागोमाग रेष उडते. नंतर मी स्वतः चार पावलं चाललो, प्रत्येक पावलाला टोक आलं. स्लॅबचा मधला भाग लवतो हो. तेव्हापासून ट्रायपॉड कोपऱ्यात, कॉलमच्या डोक्यावर, पाय पूर्ण आत घेऊन, आणि एक्सपोजर चालू असताना कोणी चालायचं नाही. दोन्ही अक्ष एकदम उडाले तर धक्का किंवा वारा, फक्त आरए एका ठरावीक लयीत वरखाली होत असेल तर ती पिरियॉडिक एरर (गिअरची दर फेरीला परत येणारी चूक), हा फरक डोळ्यांना बसू द्या. ईक्यू सिक्स माउंटचा वर्म (मुख्य गिअर फिरवणारा स्क्रू) साधारण ४७९ सेकंदांत एक फेरी मारतो, एचईक्यू फाइव्हचा ६३८, लाट तेवढ्याच वेळाने परत येत असेल तर ती गिअरचीच.

मुंबईबाहेर वांगणी-मुरबाडकडे गेलात तर लिफ्ट नाही, पण भातकापणीनंतरची शेतजमीन नोव्हेंबरमध्ये अजून आतून ओली असते. ट्रायपॉडचा एक पाय तासाभरात हळूहळू रुततो आणि मग सुरुवातीला केलेली सुंदर अलाइनमेंट साडेदहाला राहिलेलीच नसते. फरशीचे तीन तुकडे बॅगेत टाका, पायाखाली ठेवा, वर उभं राहून दाबा, आणि वीस मिनिटांनी अलाइनमेंट परत तपासा. दवही तिकडे भरपूर पडतं, मेन स्कोपला हीटर असतो आणि गाइड स्कोपला (गाइडिंगच्या छोट्या दुर्बिणीला) नसतो, मग तारा फिका होत जातो आणि बाराच्या पुढे स्टार लॉस्ट, स्टार लॉस्ट. गाइड स्कोपलाही पट्टा हवा.

आलेख चांगला, फोटो वाईट

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार आहे आणि इथेच लोक हार मानतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली शक्यता, आकडाच खोटा आहे. पीएचडी टू मध्ये फोकल लेंग्थ विचारतात ती गाइड स्कोपची, मेन स्कोपची नाही. तुमचा गाइड स्कोप १२० मिमीचा आणि तुम्ही तिथे ४०० टाकलंत, तर खरा आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) २ आर्कसेकंद असताना स्क्रीनवर ०.६ दिसणार. तुम्ही खुश, आणि तारे लांबट. हिशोब सोपा आहे, २०६ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंग्थ मिमीमध्ये. ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा ४०० मिमीच्या स्कोपला लावला तर पिक्सेलला साधारण १.९ आर्कसेकंद, आणि आरएमएस त्याच्या निम्म्याच्या आसपास असला की तारे गोल येतात.

दुसरी, आलेख जवळजवळ सरळ रेषा. असा आलेख दिसला की आनंद करू नका, संशय घ्या, कारण खरा तारा हवेमुळे थोडा तरी नाचतोच. सॉफ्टवेअरने ताऱ्याऐवजी हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा कायम चमकणारा ठिपका) धरलेला असतो. नवीन कॅलिब्रेशन (माउंट हलवून तारा किती आणि कुठे सरकतो ते सॉफ्टवेअरने मोजणं) केलं असतं तर तारा हलत नाही म्हणून तिथेच एरर आली असती, पण आपण जुनं कॅलिब्रेशन वापरतो आणि ते निसटतं. आपल्याकडच्या गरम हवेत थंड न होणाऱ्या गाइड कॅमेऱ्यात असे पिक्सेल पुष्कळ, त्यामुळे डार्क लायब्ररी (झाकण लावून काढलेले फोटो) केल्याशिवाय गाइडिंग सुरूच करू नका, आणि गाइड स्टारचा प्रोफाइल बघा, तारा पसरट डोंगरासारखा दिसतो आणि हॉट पिक्सेल सुईसारखा.

तिसरी, डिफरेन्शिअल फ्लेक्चर. गाइड स्कोप आणि मेन स्कोप एकमेकांच्या तुलनेत हळूहळू सरकतायत. मला हे वांगणीला चार रात्री पुरलं, १८० सेकंदांचे सब, आरएमएस खरोखर चांगला, आणि प्रत्येक सबमधला तारा एकाच दिशेने तेवढाच लांबट. ओळखायची रीत अशी, रात्रभराचे सब अलाइन न करता एकामागून एक चालवून बघा, अख्खं चित्र एकाच दिशेला शांतपणे वाहत जाताना दिसलं तर फ्लेक्चर किंवा फील्ड रोटेशन, आणि फिरत नसून नुसतं सरकत असेल तर फ्लेक्चर. मग मी गाइडिंग थांबवून गाइड स्कोपला करंगळीने हलकं दाबलं आणि सोडलं, तारा आधीच्या पिक्सेलवर परत आलाच नाही. तीन प्लास्टिक टोकांच्या स्क्रूंमध्ये नळी तरंगत होती, आणि कॅमेऱ्याची यूएसबी केबल खाली लोंबकळून तिला ओढत होती. घट्ट बसणारी रिंग लावली, केबल माउंटला बांधली, त्याच रात्री तारे गोल. लांब फोकल लेंग्थला मात्र ऑफ ॲक्सिस गाइडरच (मेन स्कोपच्याच प्रकाशातून गाइडिंग करणारा) घ्या, तिथे स्क्रू आवळून भागत नाही.

आता सेटिंग

एवढं सगळं झाल्यावर सेटिंगकडे या, आणि तिथे फार करायचं नसतं. गाइड एक्सपोजर २ ते ३ सेकंद ठेवा, अर्ध्या सेकंदाला तुम्ही हवेच्या थरथरीमागे धावता आणि माउंटला उगाच हलवता, गच्चीचा तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत असतो तेव्हा तर हे जास्तच. कॅलिब्रेशन विषुववृत्ताजवळ, मेरिडियनच्या आसपास करा, ध्रुवाजवळ करू नका कारण तिथे आरए फिरवला तरी तारा जेमतेम हलतो. मृगाच्या पट्ट्यातले तारे याला उत्तम. पीएचडी टू मधला गाइडिंग असिस्टंट एकदा दहा मिनिटं चालवा आणि तो काय सुचवतो ते ऐका. डेकचा बॅकलॅश (गिअरमधली ढिलाई) खूप असेल तर ड्रिफ्ट कुठल्या दिशेला आहे ते बघून फक्त त्याच्या उलट दिशेने डेक गाइडिंग चालू ठेवा. बॅलन्समध्ये पूर्वेची बाजू किंचित जड, म्हणजे गिअर एका बाजूला टेकलेले राहतात.

पॉवर बघा. बारीक लांब वायरीतून व्होल्टेज पडतं, स्काय-वॉचरसारख्या माउंटवर लाल दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, आणि तेव्हा गाइडिंगचा आलेख बघण्यात अर्थ नाही.

डिसेंबरच्या मध्यात मृगातला तेजोमेघ मुंबईत रात्री साडेबाराच्या सुमारास मेरिडियनवर येतो, नेमका तेव्हाच जेव्हा आपण चहा घेऊन चटईवर आडवे झालेले असतो. तिथे माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटवतो, तोच फ्लिप. फ्लिपनंतर डेकची रेष हळूहळू नाही तर एकदम पळत सुटली आणि प्रत्येक करेक्शनला आणखी लांब जायला लागली, तर डेकची दिशा उलटी झालीय. फ्लिपनंतर डेक आउटपुट उलटवायचा पर्याय असतो, तो तुमच्या माउंटला चालू हवा की बंद हे घरी, गच्चीवरच एकदा मुद्दाम फ्लिप करून ठरवून ठेवा. वांगणीला तो प्रयोग करायला गेलात तर त्या रात्रीचा मृग पश्चिमेला उतरलेला असतो.