कीबोर्ड नि ॲपच्या साथीवर गाणं बसवताय? या चुका टाळा

सोलापुरात गाणी लिहिणाऱ्यांची वानवा नाही. मंडळाचं गणपतीचं गाणं, सिद्धरामेश्वरांवरचं भक्तिगीत, जयंतीचं गीत, कुणी ना कुणी चाल लावत असतंच. पण ढोलकी, बेस, कीबोर्डवाला बसवायला पैसे कुठून आणायचे? मग मित्राचा जुना कीबोर्ड येतो नाहीतर फोनवरचं ॲप. साथ मिळते, पण गाणं बसत नाही.

सगळ्यात जास्त नडते ती आधी स्टाइल, म्हणजे कीबोर्ड-ॲपमधली तयार साथ, निवडून तिच्यावर शब्द कोंबायची सवय. उलटं करा. साथीशिवाय गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करा, टाळी देत मात्रा मोजा. आठ निघाल्या तर कहरवा किंवा भजनी, म्हणजे चार ठोक्यांची साधी स्टाइल चालते. सहा निघाल्या की बरेच जण वॉल्ट्झ ही तीन ठोक्यांची पाश्चात्त्य स्टाइल लावतात. त्यात तीन-तीनच्या दोन्ही तुकड्यांवर सारखाच भार पडतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे भार नसलेली जागा, असते, त्यामुळे ठेका उचलला जात नाही. सहा-आठची (6/8 लिहिलेली) स्टाइल शोधा. सात मात्रांचा रूपक असेल तर स्टाइल शोधत बसूच नका. तबल्याच्या ॲपवर ठेका लावा, कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) हाताने वाजवा.

दुसरी चूक लवकर सापडतच नाही. आपल्या चाली सरळ समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, क्वचितच सुरू होतात. मुखडा पाचव्या मात्रेवरून उचलला आणि सम पुढच्या शब्दावर आली, हे नेहमीचंच. ॲप मात्र पहिल्या ठोक्याला पहिली कॉर्ड वाजवून मोकळं होतं. गायक तिथूनच सुरू करतो, कॉर्ड शब्दाच्या मधोमध बदलते आणि खापर बिचाऱ्या गायकावर फुटतं. उपाय फुकटचा आहे: सुरुवातीला एक बार (चार ठोक्यांचा एक गट) मोकळा सोडा, त्यातच मुखडा उचला, पहिली कॉर्ड समेवर लिहा. कहरव्याच्या आठ मात्रा एका बारमध्ये बसवल्या असतील तर पाचवी मात्रा तिसऱ्या ठोक्यावर येते, हे लक्षात ठेवा.

पट्टीचं थोडक्यात. कीबोर्ड उघडला की पांढरी एक (सी), म्हणून सगळे पांढरी एकमध्येच गातात आणि अंतऱ्याला गळा चिरतो. आधी अंतऱ्यातला सगळ्यात उंच सूर गाऊन बघा, मग ट्रान्सपोज करा, म्हणजे बटणाने पट्टी बदला.

कॉर्डच्या बाबतीत मात्र यंत्रावर अजिबात विसंबू नका. चालीवरून आपोआप कॉर्ड सुचवणारी साधनं बहुधा पाश्चात्त्य मेजर-मायनरच्या हिशेबाने चालतात. समजा चाल भैरवीत आहे आणि सा म्हणजे सी. यंत्र शेवटी जी मेजर किंवा जी सेव्हन आणून ठेवतं. त्यात शुद्ध नी असतो, तुम्ही गाता कोमल नी. दोन्ही एकमेकांना बोचतात. तिथे सी मायनर, एफ मायनर, ए फ्लॅट, डी फ्लॅट, बी फ्लॅट मायनर यांतून निवडा, सगळे सूर भैरवीतलेच आहेत. यमनमध्ये हीच गत एफ मेजरची होते, कारण मध्यम तीव्र असतो. तिथे डी मेजर किंवा बी मायनर लावून ऐका. आणि दर शब्दाला कॉर्ड बदलायची हौस असेल तर ती आवरा. दोन ओळी एकाच कॉर्डवर, खाली तानपुरा, एवढ्यावरही भक्तिगीत छान उभं राहतं.

घरी ढोलकी छान वाजली, दुसऱ्याच्या कीबोर्डवर फाइल लावली तर भलतीच वाद्यं, ही तक्रारही नेहमीची. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, कुठला सूर कुठल्या क्रमांकाच्या वाद्यावर कधी वाजवायचा एवढ्याच सूचना असतात. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी या वाद्यक्रमांकांच्या सर्वमान्य यादीत सितार १०५ व्या आणि शहनाई ११२ व्या क्रमांकावर आहे, पण तबला-ढोलकीला क्रमांकच नाही. म्हणून कार्यक्रमाला नेताना वेव्ह फाइल, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाची फाइल, करून न्या. मिडी घरी ठेवा, पट्टी बदलायला तीच कामी येते.

रेकॉर्डिंगला ब्लूटूथचा हेडफोन नको. आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही ठेक्यामागे गाता. वायरचा साधा इअरफोन पुरतो. पूर्व भागात यंत्रमागाची खडखड माइकमध्ये शिरते, एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून गाणं ही शिक्षाच. तेव्हा पहाटे उरका.

पूर्ण गाणंच बनवून देणारी एआय साधनंही हल्ली मुलं वापरतात. वापरा, पण अटी वाचा. काहींच्या फुकट खात्यावर बनवलेलं गाणं कमाईसाठी वापरता येत नाही. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा रेकॉर्ड केलेला तुकडा) घेतलीत तर तीच लूप आणखी कुणाच्या गाण्यात असू शकते आणि यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो. लूप जिथून घेतली तिथला परवाना उतरवून गाण्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा.