विज्ञानाच्या तासाला संगणक वापरताय? या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडल्या की ठाणे-नवी मुंबईतल्या संगणक कक्षांत एक तक्रार हमखास ऐकू येते: नेट चालू आहे, पण एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच येतं. मग नेटवाल्याला फोन जातो, तो दोन दिवसांनी उगवतो, आणि तोवर आठवड्यातला संगणकाचा एकुलता एक तास गेलेला असतो. फोन लावण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची दिसत असेल तर दोष नेटचा नाही. उन्हाळी सुट्टीत मेन स्विच बंद असतो, तेव्हा संगणकाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला वैधच नसतं, म्हणून ब्राउझर ती उघडू देत नाही. तारीख दुरुस्त करून तेवढा तास निभावून न्या, पण सेल बदलून घ्या. बहुतेक संगणकांत तो सीआर-२०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरी अडचण जुन्या शैक्षणिक सीडींची. त्यांतली बरीचशी ॲनिमेशन्स फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर बनलेली होती आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. ती सुरू व्हावीत म्हणून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून 'फ्लॅश प्लेअर' उतरवून घेऊ नका, त्यातून व्हायरसच यायचा. त्याच विषयांवरची नवी सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) मोफत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेट प्रकल्पाची (२००२ मध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केलेला) कित्येक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि फाइल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक मुंबई यांनी मिळून केलेल्या ओलॅब्ज या साइटवर नववीपासूनचे प्रयोग सापडतील.

यंत्राच्या तक्रारी इथेच थांबवते. कारण बहुतेक तास वाया जातात ते सगळी यंत्रं नीट चालू असताना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे माऊस शिक्षकाच्या हातात राहणं. वर्गात साठ मुलं, प्रोजेक्टर एक, समोर सर किंवा बाई भिंग पुढे-मागे सरकवताहेत आणि प्रतिमा कशी उलटी होते ते सांगताहेत. मुलं शांत बसलेली असतात, म्हणून तास छान झाला असं वाटतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचा व्हिडिओ सलग लावला तरी हेच होतं. त्याऐवजी क्लिक करण्याआधी दोन मिनिटं थांबा. 'बहिर्वक्र भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर पडद्यावर काय दिसेल?' हे फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लावा. पेनने, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. बरीच मुलं 'अर्धीच प्रतिमा दिसेल' असं लिहितात. खरं तर प्रतिमा पूर्ण दिसते, फक्त अंधूक होते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या उरलेल्या भागातूनही जातातच. स्वतः लिहिलेला अंदाज चुकल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात, ते आयतं ॲनिमेशन बघून कधीच विचारत नाहीत. आणि माऊस त्यांच्याकडे द्या. एका संगणकावर तिघं बसली तरी चालेल, मात्र एकाने माऊस धरायचा, एकाने नोंदी करायच्या, एकाने पुढचा बदल सुचवायचा, आणि दहा मिनिटांनी जागा बदलायच्या.

दुसरी चूक मला फार सलते. प्रयोगशाळेतलं साहित्य अपुरं आहे म्हणून प्रात्यक्षिकही संगणकावरच 'उरकलं' जातं आणि तिथलेच आकडे जर्नलमध्ये उतरतात. दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात, तेव्हा ही सवय मुलांना महागात पडतेच. पण खरं नुकसान गुणांपलीकडचं आहे. सिम्युलेशनमध्ये तारेला रोध जवळपास नसतो, सेल कधी उतरत नाही, जोडणी कधी सैल होत नाही. प्रत्यक्षात खाडीच्या दमट हवेने तारांची टोकं काळी पडलेली असतात, होल्डर हलतो, दिवा मिणमिणतो, आणि मूल म्हणतं, 'बाई, माझं चुकलं.' त्याचं काहीच चुकलेलं नसतं. टोकं पॉलिश पेपरने घासायला सांगा. मग दिवा न जोडता सेलचं विभवांतर मल्टीमीटरने मोजा आणि जोडून पुन्हा मोजा. आकडा थोडा खाली येतो, कारण सेलला स्वतःचाही रोध असतो. आणखी एक करून बघा: एकाऐवजी दोन सेल लावा. टॉर्चच्या तारेच्या बल्बमध्ये विद्युतधारा दुप्पट होत नाही, कमीच भरते. तार तापते आणि तापली की तिचा रोध वाढतो. सिम्युलेशनमधल्या आदर्श दिव्यात मात्र ती बरोबर दुप्पट होते. हे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला लावा. या दोन आकड्यांत फरक का पडला, यावरच्या चर्चेसाठी अख्खा तास दिला तरी मी तो सत्कारणी लागला असं म्हणेन.

याच सिम्युलेशनमधले तुरुतुरु धावणारे निळे मणी पाहून इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत धावत जातो, असा मुलांचा समज होतो. तारेत इलेक्ट्रॉन सरकतात ते साधारणपणे सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने. दिवा लगेच लागतो, कारण परिपथभरातले इलेक्ट्रॉन जवळपास एकाच वेळी सरकू लागतात. हे सांगायला विसरू नका.

आता आलेख. लंबकाचा प्रयोग करून मुलं आकडे स्प्रेडशीटमध्ये भरतात: लांबी २५, ५०, १०० सेंमी, दोलनकाल १.०, १.४, २.० सेकंद. मग दिसेल तो 'लाइन चार्ट' निवडतात. लाइन चार्ट आडव्या अक्षावरचे आकडे नुसती नावं समजतो आणि तिन्ही सारख्या अंतरावर मांडतो. परिणामी रेघ वर वळल्यासारखी दिसते. 'एक्स-वाय स्कॅटर' निवडला की ५० आणि १०० मध्ये खरं अंतर पडतं आणि तीच रेघ उलट सपाट होत जाते. आकडे तेच, निष्कर्ष अगदी उलटा! पुढच्या स्तंभात दोलनकालाचा वर्ग काढून तो लांबीसमोर मांडला की सरळ रेषा मिळते. आलेख येतच नसेल तर रकान्यात कोणी '२५ सेंमी' असं लिहिलंय का ते बघा. एकक जोडलं की संगणक त्याला अक्षरं समजतो. एकक फक्त शीर्षकात लिहावं.

संगणक कक्ष रिकामा मिळत नसेल तर शिक्षकांचे दोन फोनही पुरतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये आवाजाने चालू-बंद होणारं घड्याळ आहे. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवा. पहिल्याजवळची टाळी दोन्ही घड्याळं सुरू करते, दुसऱ्याजवळची टाळी दोन्ही बंद करते. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे ध्वनीला १० मीटर जायला लागलेला वेळ. तीस अंश तापमानाला तो सुमारे ०.०२९ सेकंद यायला हवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आवाजाची मर्यादा फार कमी ठेवणं. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या शाळेत हॉर्न वाजला की घड्याळ आपोआप सुरू होतं. मर्यादा वाढवा आणि मागच्या बाजूचं मैदान गाठा. तरीही उत्तर फार वेगळं आलं तर अंतर टेपने पुन्हा मोजा आणि टाळी वाजवणारा फोनच्या अगदी शेजारी उभा आहे ना, ते तपासा.