रक्ताचं पान घाईत उलटू नका: डार्क कॉमिक्स वाचायला सुरुवात कशी करायची

"दादा, तू ती रक्ताबिक्ताची कॉमिक्स वाचतोस ना, मला पण सुरू करायचीत, सगळ्यात डेंजर कुठलंय तेवढं सांग."

परवा सांगलीतल्या विश्रामबागला चहाच्या गाड्यावर गल्लीतल्या एका पोरानं मला हे विचारलं आणि मी त्याला तिथंच अर्धा तास धरून ठेवला. डेंजर पान शोधायचं म्हटलं तर मोबाईलवर दोन मिनिटात सापडतं की, तुटलेले हात, फुटलेली डोकी, अंगठ्यानं वर ढकलत जायचं, दहाव्या पानाला काही वाटायचं बंद होतं आणि मग माणूस म्हणतो यात काय राम नाही. मी पंधरा-सोळा वर्षं ही वाचतोय, सांगलीत बसून, मराठी मीडियमचं इंग्रजी घेऊन, आणि मला मनापासून वाटतं की कॉमिक्समधला मार हा वाचायला शिकावा लागतो. गाड्यावर त्याला जे सांगितलं तेच हितं जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: एकच पान घ्या आणि पाच मिनिटं बघा

वॉचमेन मिळवा. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आलेलं. सगळं नको, फक्त पहिलं पान उघडा. त्यात सात चौकटी आहेत. पहिलीत रस्त्याकडेला रक्तात पडलेला पिवळा हसऱ्या चेहऱ्याचा बिल्ला, एकदम जवळनं. पुढच्या चौकटीत आपण थोडे वर सरकतो, मग अजून वर, खाली एक माणूस पाइप लावून फुटपाथवरचं रक्त धुतोय, एक जण हातात पाटी घेऊन त्या रक्तातनंच चालत जातो आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात, असं करत करत शेवटच्या चौकटीत आपण उंच बिल्डिंगच्या फुटलेल्या खिडकीपाशी पोचतो, तिथनं एक पोलीस खाली वाकून बघतोय.

खून कुठंय? अख्ख्या पानावर नाही. तो माणूस वरनं खाली पडला आणि आपल्याला त्यांनी खालनं वर नेलं, त्यामुळं तो पडला कसा हे आपल्या डोक्यात आपणच उलटं चालवून बघतो. मी हे पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा पुढं निघून गेलो होतो, चौथ्या वाचनाला ते लाल ठसे दिसले आणि मग अंगावर काटा आला.

दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी असते तिला गटर म्हणतात. असली कॉमिक्स वाचताना त्या पट्टीकडं लक्ष ठेवा. समजा एका चौकटीत रात्री कडी वाजतीय, पुढच्या चौकटीत उंबऱ्यापाशी उपडी पडलेली चप्पल, बास. मधलं सगळं तुम्ही केलं, चित्रकारानं नाही. सिनेमात डोळे मिटले तरी सीन पुढं जातोच, इथं तुम्ही थांबला की तोही थांबतो, आणि म्हणूनच हे जास्त लागतं.

दुसरं: पहिलं पुस्तक हलकं नाही, पण सोपं निवडा

नवीन माणसानं बर्सर्क या जपानी कॉमिकनं सुरुवात करू नये, फ्रॉम हेलनं तर अजिबात नको. फ्रॉम हेल १८८८ च्या लंडनमधल्या जॅक द रिपरवर आहे, एडी कॅम्पबेलची काळ्या शाईची किरकिरी चित्रं आहेत, मला विचाराल तर मूरचं सगळ्यात मोठं काम तेच, पण अक्षर बारीक, भाषा जुन्या लंडनची, पन्नास पानात माणूस दमतो.

त्यापेक्षा मॉन्स्टर घ्या. नाओकी उरासावाची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९९४ ते २००१, एकूण १८ भाग. जर्मनीत काम करणारा टेन्मा नावाचा जपानी सर्जन, त्याला वरनं सांगितलं जातं की मेयरचं ऑपरेशन कर, तो मात्र डोक्यात गोळी लागलेल्या पोराला वाचवतो, आणि तेच पोरगं पुढं कोण निघतं ते वाचा. रक्त फार कमी आहे. भीती सगळी चेहऱ्यांवर आहे. मांगा उजवीकडनं डावीकडं वाचायची असते, म्हणजे पुस्तक आपल्या हिशेबानं शेवटाकडनं उघडायचं आणि प्रत्येक पानावर पण उजव्या वरच्या चौकटीपासनं सुरू करायचं, पहिल्या भागाला गोंधळ होतो, दुसऱ्याला हात बसतो.

अठरा भाग परवडत नसतील तर बॅटमॅन इयर वन, १९८७, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली, एकाच पातळ पुस्तकात गोष्ट संपते.

आणि जमलं तर कागदावरच वाचा. जुन्जी इतोची उझुमाकी, गोल गोल चक्राच्या आकारानं पछाडलेल्या गावाची गोष्ट, त्यात घाण वाटणारं मोठं चित्र बऱ्याचदा पान उलटल्यावरच येतं, मुद्दाम तसं मांडलेलं असतं. उजव्या-डाव्या पानावर काहीच नसतं, नुसती पोरगी दारापाशी उभी, आणि तुमचा हात पानाच्या कोपऱ्यावर जातो आणि तिथंच थबकतो. मोबाईलवर हा थबकायचा क्षणच जातो. पैशाचं म्हणाल तर दोन-तीन मित्रात मिळून एकेक भाग घ्या, आम्ही कॉलेजात असताना चौघात एक पुस्तक असायचं, मिरजेचा एक जण होता त्याच्याकडं ते हमखास अडकायचं.

तिसरं: चित्रं आधी, फुगे नंतर

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी ही माझी पद्धत. पहिल्या फेरीत फुग्यातलं, म्हणजे पात्रांचं बोलणं लिहिलेल्या गोलातलं, काही वाचायचं नाही, अख्खा चॅप्टर नुसता बघत जायचा, कोण कुणाकडं बघतंय, सावली कुठं पडलीय, चौकट कधी बारीक झाली. मग दुसऱ्या फेरीत शब्द. फ्रँक मिलरच्या डार्क नाइट रिटर्न्समध्ये (१९८६) पानाला १६-१६ बारक्या चौकटी येतात, घुसमटायला होतं, आणि मग मधनंच एक अख्खं पान भरून एकच चित्र येतं. ती घुसमट आणि तो सुटलेला श्वास कळायला इंग्रजी लागत नाही.

चौथं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: ज्याला मारलं तो पुढच्या पानावर आहे का ते बघा

चांगलं आणि भिकार डार्क कॉमिक ओळखायची माझी ही एकच फूटपट्टी आहे. रक्त किती लिटर सांडलं ते मोजू नका, ज्याला लागलं त्याचं पुढं काय झालं ते लेखकाला माहितीय का ते बघा.

वॉकिंग डेड घ्या. रॉबर्ट कर्कमनचं, २००३ ते २०१९, १९३ अंक, सगळं ब्लॅक अँड व्हाइट. यातल्या हिरोचा, रिकचा उजवा हात २८ व्या अंकात तोडतात. आणि तो हात गेला तो गेला. पुढचे दीडशेच्या वर अंक तो माणूस एका हातानं जगतो, लढतो, पोराला सांभाळतो. एक वार, आणि त्याचं ओझं सोळा वर्षं चाललेल्या मालिकेत शेवटपर्यंत वाहिलंय. याला म्हणतात हिंसा लिहिणं.

आता किलिंग जोक. १९८८, मूर लेखक, ब्रायन बोलंडची चित्रं इतकी देखणी की पान सोडवत नाही. पण पोलीस कमिशनरच्या मुलीला, बार्बरा गॉर्डनला, जोकर दारातच गोळी घालतो, तिचे हाल करतो, आणि गोष्ट चालते तिच्या बापाची, बॅटमॅनची आणि जोकरची. ती कुठाय? हॉस्पिटलच्या कॉटवर थोडा वेळ दिसते, संपलं. पुढं दुसऱ्या लेखकांनी तिला व्हीलचेअरवरनं अख्ख्या शहराची खबर ठेवणारी ओरॅकल केली म्हणून तिला न्याय मिळाला. लोकांना हे पुस्तक फार आवडतं, मलाही विसाव्या वर्षी आवडलेलं, आता वाचताना माझा जीव त्या दारापाशीच अडकून राहतो आणि लेखक पुढं निघून गेलेला असतो. द बॉईज बद्दलही माझं तेच मत आहे, गार्थ एनिसच्या हातात ताकद प्रचंड, पण तिथं रक्त इतक्या वेळा गंमत म्हणून येतं की नंतर कुणाच्या मरणाचं काही वाटेनासं होतं.

पाचवं: थांबायची लाज वाटून घेऊ नका

बर्सर्क, केंतारो मिउरा, १९८९ ला सुरू झालं आणि २०२१ मध्ये तो गेला तेव्हा अपुरंच होतं, आता त्याचा मित्र कोजी मोरी आणि मिउराच्याच स्टुडिओतली पोरं ते पुढं नेतायत. एकेक चिलखत, एकेक झाड त्यानं बारीक रेघांनी असं भरलंय की डोळे दुखतात. त्यात ग्रहणाचा जो भाग आहे तो वाचताना मी पुस्तक मिटलं आणि तीन दिवस हात लावला नाही. त्यातला बलात्काराचा प्रसंग मला आजही पुन्हा बघवत नाही, आणि प्रत्येकानं तो बघितलाच पाहिजे असं मी कुणाला सांगणार नाही. रात्री झोपायच्या आधी असलं वाचू नका, दुपारी वाचा, वाचून झालं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत चालून या. लहान पोरांच्या हातात देताना "मॅच्युअर रीडर्स" असं छापलंय का ते बघा आणि आधी स्वतः वाचा, कारण आपल्याकडं चित्रं दिसली की लोक पुस्तक आठवीच्या पोराला देऊन मोकळे होतात.

सहावं: घरच्यांपासनं लपवू नका

चित्रांमुळं पोरं बिघडतात ही ओरड जुनी आहे. अमेरिकेत १९५४ साली सिनेटपुढं याची सुनावणी झाली, हॉरर कॉमिक्स छापणाऱ्या विल्यम गेन्सला एक कव्हर दाखवलं, हातात कुऱ्हाड आणि बाईचं कापलेलं मुंडकं, आणि विचारलं हे तुम्हाला बरं वाटतं का, तर तो म्हणाला की हॉरर कॉमिकच्या कव्हरला हे चालतं, मुंडकं अजून वर धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं. त्याच वर्षी कॉमिक्स कोड आला, नावात "हॉरर" शब्द नको, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असले नियम, आणि तो कोड ढिला होत होत पार २०११ ला संपला.

आमच्या घरी हा प्रश्न आईनं विचारला. तिनं माझ्या टेबलावरनं बर्सर्क उचललं, दोन पानं बघितली आणि म्हणाली, "असलं काय वाचतोयस रे, रात्री जेवण कसं जातं तुला?" मी वाद घातला नाही. मी तिला बेअरफूट गेन दिलं. ते काढणारा केजी नाकाझावा हिरोशिमाचा, ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचा होता, शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळं वाचला, वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. तेच त्यानं गेन नावाच्या पोराची गोष्ट करून १९७३ पासनं काढलं. आईला इंग्रजी येत नाही. ती खिडकीपाशी बसून नुसती चित्रं बघत गेली, शेंगा निवडायच्या तशाच राहिल्या. घर कोसळलंय, खाली बाप अडकलाय, आग जवळ येतीय आणि तो पोराला सांगतोय आईला घेऊन जा, त्या पानाशी ती बराच वेळ थांबली. शेवटी गेनची आई रस्त्यातच बाळंत होते. पुस्तक मिटून माझी आई म्हणाली, "आणि त्या बाळाचं काय झालं पुढं?"

पुढचे भाग मी वाचले होते. मी म्हटलं, अजून वाचलं नाही. पण त्या दिवसापासनं तिनं मला असलं काय वाचतोस म्हणून परत विचारलं नाही.

सातवं: आपल्या इथलं विसरू नका

भीमायन. २०११ साली आलं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची परधान गोंड शैलीतली चित्रं, विषय बाबासाहेब. कुणी म्हणेल हे डार्क कॉमिक कसं, मी म्हणतो यापेक्षा डार्क काय पाहिजे? साताऱ्याच्या शाळेत तहानलेलं पोरगं, पाण्याला हात लावायची परवानगी नाही. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ती भावंडं मसूर स्टेशनला उतरतात, जात कळल्यावर गाडीवाला हात झटकतो. मसूरवरनं मी रेल्वेनं शंभरदा गेलो असेन, हे पुस्तक वाचल्यावर गाडी तिथं थांबली की मी प्लॅटफॉर्मकडं बघतोच. आणि यात सरळ चौकटीच नाहीत, चित्रकारांनी पात्रांना चौकटीत कोंडायचं नाही असं ठरवलं होतं. प्रेमानं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. रक्ताचा थेंब नाही, तरी ती नांगी बसते.

शेवटचं: पुस्तकं ठेवायची कशी

हे सांगलीकरांसाठी खास. ऑगस्ट २०१९ ला आयर्विनपाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५, आणि माझी पुस्तकं होती खालच्या कपाटात. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं वाळताना एकमेकाला चिकटून वीट झाली, ओढलं की चित्राचा पापुद्राच निघतो. मांगाचा कागद खरखरीत असतो, तो वाचतो. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, दर आठ-दहा पानात साधा कोरा कागद घाला, पंख्याखाली उभं ठेवा, कागद ओला झाला की बदलत राहा. चिकटायच्या आत पानं सुटी करा, एकदा वाळलं की संपलं. त्या चार दिवसात आई आणि मी वर गच्चीच्या खोलीत बसून पानं सोडवत होतो, गेनचा पहिला भाग तिनंच वेगळा काढून ठेवला होता, तो फुगलाय, कव्हर गेलंय, पण उघडतो. आता सगळी पुस्तकं मेअखेरीला पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर जातात आणि गणपती झाले की खाली येतात.