घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाची बायपास ठरली असेल तर काय काय करायचं

अँजिओग्राफी झाली, डॉक्टरांनी स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि "बायपास करून घ्या" म्हणाले, की त्या रात्रीपासून घरात आणि नातेवाईकांच्या फोनवर एकच प्रश्न फिरायला लागतो, या वयात झेपेल का? आमच्या अण्णांच्या वेळी (वय ७७, शुगर, तीन नळ्या ब्लॉक) निदान वीस जणांनी तो विचारला, आणि प्रत्येकाकडे एक मावसकाका होताच ज्याची बायपास "फेल गेली". तेव्हा आम्हाला जे माहीत असायला हवं होतं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधांचं जे काही पुढे येईल ते तुमच्या डॉक्टरला विचारूनच.

आधी आकड्यांचं बघू. अमेरिकेतल्या २२ हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास २००० साली छापून आला होता, त्यात बायपासनंतर हॉस्पिटलमध्येच दगावणाऱ्यांचं प्रमाण ८० च्या आतल्यांमध्ये ३ टक्के आणि ८० च्या पुढच्यांमध्ये ८.१ टक्के. हे वाचून पोटात गोळा येतो, पण खरी गंमत पुढच्या आकड्यात आहे, ८० च्या पुढच्या ज्या लोकांना दुसरा कुठला मोठा आजार नव्हता त्यांच्यात ते ४.२ टक्क्यांवर आलं, म्हणजे जवळजवळ निम्मं. आणि ही सगळी ऑपरेशनं नव्वदच्या दशकातली, त्यानंतर तंत्र बरंच सुधारलंय. थोडक्यात वय एकटं मारत नाही, वयासोबत आलेलं सामान मारतं, म्हणजे किडनी, फुफ्फुस, आधी झालेला पॅरालिसिस, हार्टचं पंपिंग कमी असणं. आणि घाई. अटॅक चालू असताना रात्री दोनला टेबलावर घेतलेला माणूस आणि तारीख ठरवून, तयारी करून गेलेला माणूस यांची बरोबरीच होत नाही. मावसकाकांची गोष्ट कुणी सांगितली की आधी हे विचारा, ते कुठल्या गटातले होते.

उलट बाजूचं उदाहरण सगळ्यांना माहितीये तरी आठवत नाही. मनमोहन सिंग, जानेवारी २००९, वय ७६, आणि ती त्यांची दुसरी बायपास होती, जी पहिलीपेक्षा नेहमीच अवघड असते. मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडांच्या टीमने दिल्लीत एम्समध्ये केली. मे महिन्यात त्यांनी परत पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि गेले ते २०२४ च्या डिसेंबरात, ९२ व्या वर्षी. आता त्यांच्यामागे अख्खी एम्स उभी होती हे मान्य, पण ७६ हा आकडा बघून कुणी नाही म्हणालं नाही एवढंच.

सर्जनला भेटायला जाल तेव्हा "रिस्क किती?" असं मोघम विचारू नका, मोघम उत्तर मिळतं. युरोस्कोर किंवा एसटीएस स्कोर काढतात, त्यात पेशंटची माहिती भरली की टक्क्यात आकडा येतो, तो मागा. स्ट्रोकची शक्यता किती, डायलिसिस लागायची किती, हे वेगवेगळं विचारा, कारण बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना मरणाची भीती कमी आणि अंथरुणाला खिळायची जास्त असते. अण्णांनी स्वतः विचारलं, "सहा महिन्यांनी मी भाजी आणायला जाईन का तेवढं सांगा." मला वाटतं त्या खोलीतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

स्टेंटने भागेल का हेही विचारा, लाज वाटून घेऊ नका. शुगर आहे आणि बऱ्याच नळ्या ब्लॉक आहेत अशा पेशंटमध्ये बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते हे २०१२ च्या फ्रीडम नावाच्या ट्रायलमध्ये दिसलंय, म्हणून आम्ही बायपासला हो म्हणालो. पण पंच्याऐंशीचे आजोबा, आधीच काठीवर, विसरायला लागलेले, अशांच्या बाबतीत एक-दोन स्टेंट किंवा नुसती औषधं हाच बरोबर निर्णय असू शकतो, आणि "पोरांनी पैसे वाचवले" म्हणणाऱ्या आत्याबाईंकडे खुशाल दुर्लक्ष करा. बीटिंग हार्ट (हृदय चालू ठेवूनच) की पंपवर (हृदय थांबवून, मशीनवर), यावर डोकं फोडू नका. ७५ च्या पुढच्या अडीच हजार लोकांवर जर्मनीत ट्रायल झाली, वर्षभरात फरक दिसला नाही. सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते करू दे.

आता घरी करायची एक टेस्ट. टेपने पाच मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा, पहिल्या रेघेच्या थोडं मागून नेहमीच्या चालीने चालायला सांगा आणि मोबाईलवर रेघ ते रेघ वेळ लावा. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद. सत्तरीच्या पुढच्या पेशंटमध्ये मंद चालणाऱ्यांना मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका दोन-तीन पटीने जास्त दिसलाय. अण्णांना सात लागले. तारीख तीन आठवड्यांनंतरची होती, मग डॉक्टरांना विचारून (हे विचारायचंच, काही जणांना ऑपरेशनआधी अजिबात दमायचं नसतं) रोज सपाटीवर हळूहळू चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दिवसातून तीनदा, आणि रोज दोन अंडी चालू केली. उठण्या-बसण्याचं कारण पुढे येतंय.

त्या तीन आठवड्यांत अजून काय? तंबाखू, बिडी, आणि घरातली आजी असेल तर मिश्री, आजपासून बंद. तीन छोट्या चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं, स्पायरोमीटर, आधीच आणून शिकवा (फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, आमच्याकडे चार दिवस उलटं चाललं होतं). दात किडलेला असेल तर दाखवून घ्या. रक्त कमी असेल तर आधीच उपचार होऊ देत. सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, आयुर्वेदिकसुद्धा, आणि कुठली कधी थांबवायची ते लिहून घ्या. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी) साधारण पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, शुगरच्या काही नव्या गोळ्या (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं त्या) तीन-चार दिवस आधी बंद करतात. यातलं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही.

पैशाचं अ‍ॅडमिट व्हायच्या आधी बघा. सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासून. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तुमची केस त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला प्रत्यक्ष जाऊन विचारा.

ऑपरेशनला चार-पाच तास, एक-दोन दिवस आयसीयू, आठवडाभरात घरी, सगळं सुरळीत असेल तर. पण एका गोष्टीबद्दल आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. तिसऱ्या रात्री अण्णा मला म्हणाले, मिरजेची गाडी कितीला लागते बघून ये, आणि सलाईन ओढायला लागले. मी तर हादरलोच, वाटलं मेंदूला काही झालं. याला डेलिरियम म्हणतात, म्हाताऱ्या माणसात बायपासनंतर खूप कॉमन आहे आणि बहुतेकांचं काही दिवसांत जातं. नर्सला लगेच सांगायचं, मात्र वाद घालायचा नाही. चष्मा आणि कानाचं मशीन पहिल्या दिवसापासून द्या, वार-तारीख सांगत राहा, दिवसा पडदा उघडा, रात्री झोपू द्या, आणि रोज तेच एक-दोन चेहरे समोर असू देत. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठोके अनियमित होणं हेही साधारण तिघांतल्या एकाला होतं, औषधाने बहुतेक वेळा ताळ्यावर येतं. पण तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, हे डेलिरियम नव्हे, तिथे एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही.

घरी आल्यावर सगळा खेळ छातीच्या हाडाचा. ते कापून तारेने बांधलेलं असतं, तार कायमची आतच राहते, आणि हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, वय जास्त असेल तर अजून थोडे. तोवर दोन-अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादली नाही, नातू तर नाहीच नाही. हातावर जोर देऊन उठायचं नाही, म्हणून ती खुर्चीची प्रॅक्टिस. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. हाडातून कट्कट् आवाज, जखमेतून पाणी, ताप, आडवं झालं की दम लागणं, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, काळी शी, यातलं काहीही झालं तर फोन नाही, थेट हॉस्पिटल. हृदयाला जोडायला ज्या पायाची नस काढली त्याला सूज येतेच, बसताना पाय वर ठेवा, पण पोटरी दुखून लाल-गरम झाली तर दाखवा.

खाण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तेल नाही, तूप नाही, मीठ नाही असं करून करून आपण त्यांना उपाशी मारतो, आधीच तोंडाला चव नसते. पहिला महिना-दीड महिना जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणून मुगाचं धिरडं, अंडं, पनीर, मासे, जे उतरेल ते थोडं थोडं पाच-सहा वेळा. मीठ मात्र खरंच कमीच. कुंथायला लागू नये म्हणून बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या. आणि माणूस उगाच रडायला लागला, चिडला, गप्प झाला तर "आता बरं झालंय ना" असं म्हणू नका, हे होतं, पण दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकलं तर डॉक्टरांना सांगा. भेटायला येणाऱ्यांना दहा मिनिटं, सर्दीवाल्यांना दारातूनच नमस्कार.

"आता नळ्या नव्या, गोळ्या कशाला" हे सहाव्या महिन्यात येणारच. छातीतली धमनी जोडलेली असेल तर ती दहा वर्षांनीही बहुतेकांची चालू असते, पायाच्या नसेचं तसं नाही, दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात, आणि अ‍ॅस्पिरिन नि कोलेस्टेरॉलची गोळी सोडली तर लवकरच.

चालणं पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, बोलता येईल एवढाच दम लागू द्यायचा. स्कूटरला आमच्या सर्जनने दोन महिने सांगितले होते. अण्णा बरोबर एकसष्टाव्या दिवशी किल्ली मागायला आले, भाजीची पिशवी हातात घेऊनच.